अंगदभाऊंचा पहिला चेंडू

मनिलात माणसं चपला घालून बास्केटबॉल खेळतात, हे मी कॉलनीत परत आल्यावर सांगितलं तेव्हा बिभीषणरावांनी पहिला प्रश्न विचारला, "कसल्या चपला?"

बिभीषणराव म्हणजे आमचे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. साखर कारखान्यातून चीफ फिटर म्हणून निवृत्त झाले, पण कुठेही एखादा नट ढिला दिसला की त्यांचे हात अजून शिवशिवतात. परदेशातून आलेल्या माणसाने आधी विमानाचं, मग हवेचं आणि शेवटी जेवणाचं सांगावं, अशी आमच्याकडे रीत आहे. मी एकदम बास्केटबॉलवर आलो हे त्यांना खटकलं असावं.

"रबरी. अंगठ्याच्या," मी म्हणालो.

"मग घसरत असतील," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. माझा मात्र तिथून सुरू झाला.

आमची मुलगी मोनिका आणि जावई नोकरीसाठी मनिलात असतात. फेब्रुवारीत मी आणि सत्यशीला तीन आठवडे त्यांच्याकडे राहून आलो. आपल्याकडे जसं चार गल्ल्यांमागे एक मारुती, तसं तिथं चार घरांमागे एक बास्केट. कुठे नारळाच्या खोडाला खिळे ठोकून लावलेली, कुठे पुलाखाली, कुठे चर्चच्या अंगणात. एका बोळात तर तीनचाकी आली की खेळणारे भिंतीला चिकटत, ती गेली की पुन्हा चेंडू सुरू. मोनिकाच्या घराजवळच्या कोर्टवर पत्र्याचं छप्पर होतं. सकाळी तिथं खेळ, दुपारी लसीकरण, संध्याकाळी कुणाच्या तरी लग्नाचं जेवण. बास्केटच्या खांबाला एक कोंबडा बांधलेला असे आणि तो खेळाकडे पंचासारखा बघत असे.

एकदा मोनिका आम्हाला मोठ्या बंदिस्त स्टेडियममध्ये सामना दाखवायला घेऊन गेली. आत पंधरा-वीस हजार माणसं आणि शीतगृहात बटाटे ठेवावेत अशी थंडी. सत्यशीलाने शाल पांघरली. तिच्या शेजारची अनोळखी बाई बास्केट पडली की हिचा दंड आवळायची. तिचा संघ एका गुणाने हरला तेव्हा ती हिच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली. हिने पर्समधून डिंकाचा लाडू काढून तिला दिला. एका परक्या देशात, एका न कळलेल्या खेळामुळे, माझ्या बायकोला तीन तासांत एक मैत्रीण मिळाली होती. आमच्या कॉलनीत आम्ही बावीस वर्षं राहतो आणि शेवटच्या तीन बंगल्यांत कोण राहतं हे मला अजून नक्की माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या एका म्हाताऱ्याने मला खुणेने बोलावून माझ्या हातात चेंडू दिला. मी फेकला. तो बास्केटमागच्या फळ्यावरून पलीकडे कुणाच्या तरी पत्र्यावर जाऊन पडला. अख्ख्या गल्लीने टाळ्या वाजवल्या. मी एकतीस वर्षं सरकारी कचेरीत होतो, त्यातली शेवटची नऊ हेडक्लार्क म्हणून. चूक केल्यावर मेमो मिळतो एवढंच मला माहीत होतं. त्याच क्षणी मी ठरवलं की आपल्या कॉलनीत बास्केट उभी करायची.

आमच्या सहकार कॉलनीच्या मधोमध एक ओपन स्पेस आहे. नकाशात तिथं 'उद्यान' लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात तिथं सराटे उगवतात आणि उन्हाळ्यात पुष्पावतीबाईंच्या कुरडया वाळतात. पुष्पावतीबाई कोपऱ्यावरच्या घरात राहतात. त्यांचा उन्हावर आणि त्या जागेवर वडिलोपार्जित हक्क आहे असं त्या मानतात, आणि कॉलनीही मानते.

"काय उभं करायचं ते करा," त्या म्हणाल्या, "पर सावली माझ्या कुरडयांवर पडाया नको."

खांबाची सावली कितीशी पडणार, असं मी म्हणालो. त्यांनी मला उन्हात उभं केलं आणि माझी सावली मोजून दाखवली. खांबाची जागा चार हात सरकली.

काम फक्रुद्दीनभाईंना दिलं. फॅब्रिकेशनमध्ये त्यांचा हात धरणारा माणूस पंचक्रोशीत नाही. गावातली निम्मी गेटं त्यांनी केली आहेत. मी त्यांना कागदावर सुबक अक्षरात लिहून दिलं: रिंग अठरा इंच, फळा सहा बाय साडेतीन फूट, खांब दहा फूट.

"साहेब, फिकर करू नका," ते म्हणाले. "दहा म्हणजे दहा. सूतभर फरक निघाला तर नाव बदलेन."

फरक निघाला नाही. खांब दहा फूटच होता. त्यातले सव्वादोन फूट जमिनीत काँक्रीटमध्ये गेले. मी टेप लावला तेव्हा रिंग जमिनीपासून पावणेआठ फुटांवर होती आणि काँक्रीट दगडासारखं झालेलं होतं.

"तुम्ही वरून दहा सांगितलं की खालून, ते लिहायचं ना साहेब," फक्रुद्दीनभाई वाईट वाटून म्हणाले. कागद त्यांनी खिशात जपून ठेवला होता. तो वाचून मला माझ्याच अक्षराचा राग आला. एकतीस वर्षं मी लोकांच्या अर्जातली अशी मोघम वाक्यं लाल शाईने अधोरेखित केली होती.

बिभीषणरावांनी खांबाभोवती दोन फेऱ्या मारल्या. "जमीन खणा," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"खांब वर जात नाही ना? मग जमीन खाली घ्या. सव्वादोन फूट."

 ते गंभीर होते. सत्यशीला म्हणाली, "राहू द्या हो खालीच. कॉलनीत कोण एवढं उंच आहे?" हा मुद्दा बिनतोड होता.

जाळी मिळेना. संगमनेरच्या खेळाच्या दुकानात क्रिकेटचं सगळं होतं, कॅरमची पावडरसुद्धा होती, बास्केटबॉलची जाळी नव्हती. शेवटी कांद्याची लाल गोणी रिंगला शिवली. सत्यशीलाने टाके घातले. पहिला चेंडू बिभीषणरावांनी टाकला, बरोबर आत गेला आणि पुढे जाईना. गोणीचा तळ उसवायचा राहिला होता. चेंडू मोठ्या कांद्यासारखा वर लटकत राहिला. तो काठीने ढोसून काढला आणि तळ कापला.

मग परवानगी. खरं तर ती आधी काढायची असते, पण मला वाटलं होतं खांबच तर आहे. नगरपंचायतीतला बाबू तरुण होता, नम्र होता आणि त्याच्याकडे छापील रजिस्टर होतं.

"यात मांडव, फलक, मोबाईल टॉवर आणि पुतळा एवढेच रकाने आहेत," तो म्हणाला. "तुमचं कशात बसतं?"

"कशातच नाही. बास्केटबॉलचा खांब आहे."

"पुतळ्यात टाकू का? पण मग कोणाचा ते लिहावं लागेल."

"नका."

"मग टॉवर." त्याने पेन उचललं. मी त्याचा हात धरला. पण कागदावर ट आणि काना उमटला होता, आणि आमच्या गावात एवढं पुरतं. संध्याकाळपर्यंत कॉलनीत टॉवर येतोय, त्याने चिमण्या मरतात आणि कुरडया फुलत नाहीत, ही बातमी पुष्पावतीबाईंच्या अंगणात पोचली. त्या माझ्याशी तीन दिवस बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी खांबाला कान लावून आतून काही आवाज येत नाही याची खात्री करून घेतली, मग बोलल्या.

बाबूने शेवटी सल्ला दिला, "काका, नगरसेवकांचं पत्र आणा. मग रकाना आपोआप सापडतो." हे वाक्य मी स्वतः हजार लोकांना ऐकवलं आहे. समोरून ऐकताना ते एवढं टोचतं हे माहीत नव्हतं.

आमच्या वॉर्डाचे नगरसेवक अंगदभाऊ. बुटके, गोल, सदा इस्त्रीत. गेल्या निवडणुकीत बजरंगअप्पांना अकरा मतांनी पाडून निवडून आलेले. त्या अकरा मतांचा विषय दोघांच्याही घरात अजून संपलेला नाही.

"लई भारी कल्पना हाय," अंगदभाऊ म्हणाले. "पत्र देतो. ही जागा खेळाला राखीव ठेवायचा ठरावच घेऊ. पर एक करा, उद्घाटन माझ्या हातनं ठेवा. पहिला चेंडू मी टाकनार."

मी आनंदाने हो म्हणालो.

उद्घाटनाला मांडव, सनई, हार, सगळं झालं. फक्रुद्दीनभाईंनी फळा आदल्या दिवशी बसवला होता, पांढरा शुभ्र. जुनंच प्लायवूड आहे पण फर्स्ट क्लास आहे, असं ते म्हणाले होते. कुठून आणलं हे मी विचारलं नाही. चांगल्या गोष्टींचा उगम विचारू नये, असं कचेरीत शिकलो होतो. निवेदन बिभीषणरावांकडे होतं. त्यांनी माईकवर जाहीर करून टाकलं की भाऊंची पहिली बास्केट पडल्याशिवाय कुणीही चहाकडे जाऊ नये.

अंगदभाऊंनी फेटा सावरला, चेंडू दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि फेकला. चेंडू फळ्यावर डाव्या बाजूला आपटून परत आला. टाळ्या. दुसरा उजवीकडे आपटला. टाळ्या थोड्या कमी. तिसऱ्या चेंडूला फळ्यावरून पांढरा रंग खवल्यासारखा गळला आणि त्या जागी एक डोळा दिसला.

मला वाटलं उन्हामुळे तसं दिसतंय. चौथ्या चेंडूला दुसरा डोळा आला. पाचव्याला मिशी. लोक पुढे सरकू लागले. मिशी कुणाची, हे आमच्या वॉर्डात लहान पोरसुद्धा सांगेल. मी फक्रुद्दीनभाईंकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. मला नंतर कळलं की ते प्लायवूड म्हणजे बजरंगअप्पांच्या प्रचाराच्या टेम्पोची पाठ होती. त्यावर अप्पांचं चकचकीत स्टिकर चिकटवलेलं होतं. ती बाजू गुळगुळीत म्हणून फक्रुद्दीनभाईंनी तीच पुढे घेतली आणि वरून साधा डिस्टेंपर मारला. स्टिकरवर डिस्टेंपर कशाला धरतोय!

अंगदभाऊ रागाने लाल झाले होते. थांबावं तर बास्केट पडलेली नाही, फेकावं तर अप्पा आणखी बाहेर येतात. ते चिडून जोरात फेकू लागले. नवव्या चेंडूला जोडलेले हात दिसले, अकराव्याला खाली 'आपला माणूस' ही अक्षरं. बाराव्याला फेटा सुटून डोळ्यांवर आला. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "अप्पा, अकरा मतं तिथंच राहिली का?" मांडव हसून हसून वाकला. मीही हसलो असतो, पण अंगदभाऊंनी फेटा वर केला तेव्हा त्यांचे डोळे भरलेले दिसले. ते तसेच गाडीत जाऊन बसले. सनईवाला बिचारा वाजवतच राहिला.

तिसऱ्या दिवशी नोटीस आली. सदर मोकळ्या जागेत विनापरवाना राजकीय फलक उभारल्याचे निदर्शनास आले असून तो सात दिवसांत काढून घ्यावा, अन्यथा खांबासह हटविण्यात येईल. रकाना सापडला होता.

मी राजकीय! मी मतदानाला जातानाही बायकोला कुणाला दिलं हे सांगत नाही. त्या दिवशी मी जेवलो नाही. सत्यशीलाने ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, "त्यांना किती लागलं असेल याचा विचार केलात का? आपल्या दारात बोलावून हसलो आपण त्यांना." हे खरं होतं आणि म्हणूनच आणखी जेवता आलं नाही. दुपारी मी अंगदभाऊंच्या घरी माफी मागायला गेलो. ते मुंबईला गेले आहेत असं आतून त्यांच्याच आवाजात सांगण्यात आलं.

मग मी शिडी लावून फळ्याला स्वतः ऑइलपेंटचे दोन हात मारले. निदान खांब जाईल तेव्हा नीटनेटका जावा, एवढाच हेतू. फक्रुद्दीनभाई खाली शिडी धरून उभे होते. "साहेब, माझ्यामुळं झालं," ते सारखं म्हणत होते. बिभीषणराव म्हणत होते की ब्रश उलटा फिरवा.

नोटिशीच्या पाचव्या दिवशी सकाळी सहाला मी दूध आणायला निघालो तर ओपन स्पेसमध्ये कुणीतरी उभं होतं. ट्रॅकपँट, कानटोपी, ऐन एप्रिलात. जवळ गेलो तर अंगदभाऊ.

ते फळ्यावरचा नवा रंग निरखत होते.

"पोरगी हसती राव घरी," ते म्हणाले. "पप्पा, पावनेआठ फुटांवर बी जाईना म्हनती. झोपच न्हाई. चेंडू हाय का तुमच्याकडं?"

मी घरातून चेंडू आणला. मला खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण मनिलात तीन आठवडे बाकावर बसून बघितलं होतं. "भाऊ, दोन हातांनी डोक्यावरून ढकलू नका," मी म्हणालो. "गुडघ्यात थोडं वाका आणि एका हाताने वर सोडा. आंब्याला दगड मारल्यासारखं नाही, आंबा कुणाला तरी झेलायला दिल्यासारखं."

त्या दिवशी पडली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यांनी साठ चेंडू टाकले, मी साठ वेळा आणून दिले. नोटिशीबद्दल ते बोलले नाहीत, मीही नाही. मध्येच ते म्हणाले, "माफी मागाया आल्ता न्हाई का तुमी? मी घरातच हुतो." मी म्हणालो, "आवाज ओळखला होता." ते हसले, बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखे.

सातव्या दिवशी, म्हणजे मुदतीच्या शेवटच्या सकाळी, पुष्पावतीबाई कडेला कुरडया घालत होत्या. सत्यशीला चहा घेऊन आली होती. माझ्या पायात सराटा रुतला. मी वाकून तो काढत होतो आणि तेवढ्यात वर सर्रकन आवाज झाला, चेंडू माझ्या पाठीवर पडला आणि अंगदभाऊ ओरडले, "पडली! पडली राव! बघितली ना?"

मी सराटा हातात घेऊन उभा राहिलो. त्यांचं तोंड दिवाळीतल्यासारखं झालं होतं. त्यांनी मला मिठी मारली, मग मोबाईल काढून माझ्या हातात दिला आणि फोटोसाठी पुन्हा टाकायला गेले. पुन्हा चौदा टाकले. एकही गेला नाही.

"जाऊ द्या फोटो," ते घाम पुसत म्हणाले. "आज अकराला नगरपंचायतीची सभा हाय. तुमी हेडक्लार्क हुता. तुमचा शब्द गावात कुनी खोटा म्हननार न्हाई. एक दाखला लिहून द्या, बास्केट पडताना बघितली म्हनून. तो वाचून दाखवतो आन् लगेच ठराव मांडतो. नोटीस बी मागं."

मी घरी येऊन कोरा कागद घेतला. एका शब्दाचा प्रश्न होता: 'पाहिली'. लिहिलं की जागा वाचते. पण एकतीस वर्षांत मी न पाहिलेलं पाहिलं म्हणून लिहिलं नव्हतं. त्यापायी दोनदा बदली घेतली होती.

"तुम्ही काट्याकडे बघत होतात," सत्यशीला हळूच म्हणाली. "मी चहा ओतत होते."

"माहीत आहे."

"आवाज तर ऐकलात ना?"

मी उठलो आणि पुष्पावतीबाईंकडे गेलो. त्या पाटावर बसून कुरडईचा साचा धूत होत्या.

"बाई, चेंडू आत गेला का हो?"

"गेला की. म्या बघितला ना. आदी कडेला धडाकला, गरागरा फिरला आन् मंग पडला. तुमी तवा ढुंगान वर करून काय करत हुता?"

मग मी दाखला लिहिला. तो असा: 'दाखला देण्यात येतो की, आज रोजी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी नगरसेवक अंगदभाऊ यांनी टाकलेला चेंडू जाळीतून पडल्याचा आवाज खाली सही करणार याने स्वतःच्या कानांनी ऐकला व तो चेंडू स्वतःच्या पाठीवर झेलला, तसेच चेंडू आत जाताना श्रीमती पुष्पावतीबाई यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. करिता दाखला.' खाली माझी सही, त्याखाली पुष्पावतीबाईंची. त्यांनी पाच मिनिटं घेऊन पूर्ण नाव लिहिलं, गव्हाच्या चिकाच्या बोटांनी.

अंगदभाऊंनी कागद वाचला. 'ऐकला' या शब्दावर ते अडखळले, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचला. मला वाटलं आता गेलं सगळं.

"म्हंजे तुमी बघितलंच न्हाई?"

"नाही भाऊ."

"आन् तरी खोटं लिवलं न्हाई." त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि खिशावर हात दाबला. "मंग तर ह्यो दाखला पक्का हाय."

सभेत तो त्यांनी दोनदा वाचला म्हणे. बिभीषणराव सहज म्हणून गेले होते, त्यांनी येऊन सांगितलं. विरोधातल्या कुणीतरी विचारलं, आवाज हा कसला पुरावा? त्यावर अंगदभाऊ म्हणाले, पुष्पावतीबाईंना बोलावू का? तिथं विषय संपला, कारण त्यांना सगळे ओळखतात. जागा खेळासाठी राखीव झाली. नोटीस मागे घेतली. ठरावाला दाखला जोडला गेला. बाबूने रजिस्टरमध्ये हाताने पाचवा रकाना आखला.

आता संध्याकाळी तिथं गर्दी असते. रिंग खाली असल्याने बायका सरळ टाकतात. शेवटच्या तीन बंगल्यांतल्या सुना तर कमालीच्या निघाल्या, त्यांची नावंही आता मला माहीत आहेत. फक्रुद्दीनभाई दुसऱ्या टोकाला एक खांब फुकट लावून देतो म्हणून मागे लागले आहेत आणि यावेळी कागद मी तीन प्रतींत लिहिणार आहे.

परवा सकाळी मात्र फाटकाशी गाडी थांबली. आतून बजरंगअप्पा उतरले. पायात कोरे करकरीत बूट, बगलेत स्वतःचा चेंडू, किमतीची चिठ्ठी अजून लटकत होती. त्यांनी फळ्याकडे, म्हणजे ऑइलपेंटच्या दोन थरांकडे, जरा वेळ बघितलं आणि माझ्याजवळ आले.

"सूर्यभानराव, तो दाखला तुमीच देता ना?"

"हो अप्पा. पण त्यासाठी आधी चेंडू आत जावा लागतो."

"ते बघू की निवांत," अप्पा म्हणाले आणि खिशातून पेन काढलं. "आदी सांगा, अर्ज कुनाच्या नावानं करायचा?"